कमानीखालची माशी

फाल्गुन लागला की आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे धूर असतो. शाळू काढून झालेला असतो. बांधावर हरभऱ्याचा हुळा भाजत पोरं बसलेली असतात, कुणी धसकटं पेटवतो, कुणी बांध जाळतो. दिवस कलला की तो सगळा धूर धारूरच्या घाटाला धरून रेंगाळतो. लोकांना त्या वासानं भूक लागते. मला नाही लागत. मी उठून खिडकी लावून घेतो. सरू, म्हणजे माझी बायको, चुलीपाशी बसून म्हणते, "लावा, लावा! चुलीचा धूर तेवढा आत कोंडा." या वयातही तिला हसू येतं आणि माझा तिळपापड होतो.

यंदा त्यात भर पडली. गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या कचेरीतून एक तरुण साहेब आला. हातात वही, बोलायला गोड. घाटाखालच्या जुन्या सरकारी बागेची दुरुस्ती निघाली आहे म्हणे, झाडांना, बारवेला पाट्या लावायच्या आहेत. "गुरुजी, निजामाच्या काळात तिथल्या पाट्या तुम्हीच लिहिल्या होत्या असं कळलं. याही वेळी तुम्हीच लिहा. आणि कमानीखाली देवी आहे ना, तिची थोडी माहिती द्या. लोक लांबून येतात हो तिला." मी म्हणालो, माझा हात कापतो, मला जमायचं नाही. हात कापतो हे खरं आहे, पण कारण ते नव्हे. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि दोन दिवस घरात नुसता चिडचिड करत फिरलो. शेवटी सरूच म्हणाली, "लिवून टाका एकदाचं. पण बागंचं नाव घालू नका." म्हणून नाव घालत नाही.

तेव्हा मी पंचविशीत होतो आणि मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, मराठीचा मास्तर होतो. सगळं शिक्षण उर्दूत. मराठीला दिवसातून एक तास, तोही भर दुपारचा, निम्मी पोरं पेंगत असायची. पण माझं अक्षर चांगलं होतं आणि ते मला चांगलं ठाऊकही होतं. कुणाच्या दुकानावर नाव घालायचं असो, कुणाचा अर्ज लिहायचा असो, माणूस माझ्या दारात यायचा. त्या साली तहसीलदारसाहेबांच्या मनानं घेतलं की हैदराबादेसारखी एक बाग आपल्याकडेही असावी. जुनी बारव होती, पडकी कमान होती, भलीथोरली गोरखचिंच होती. त्याच्याभोवती कुंपण घातलं, रोपं लावली, झाली बाग. तिच्या देखरेखीला दारोगा म्हणून गनीमियाँ आले. मेंदी लावलेली दाढी, मनानं सोनं, पण साहेबाचं नाव काढलं की लटपटायचे.

"मास्टर, बारा तख्त्या लिखने के हैं," ते म्हणाले. "ऊपर उर्दू, नीचे मरहटी. होली के बाद साहब मुआयने को आरे." साहेब तपासणीला येणार म्हणून आत्ताच त्यांना घाम फुटला होता. आणि त्यांनी यादी दिली. फुले तोडू नयेत. थुंकू नये. झाडावर चढू नये. हौदात पाय धुऊ नयेत. बारा पाट्या आणि बाराही ठिकाणी 'नये'. मी कपाळाला हात लावला.

"गनीमियाँ, माणूस हौसेनं बागेत यायचा, आणि बारा जणांनी त्याला दम द्यायचा? परत कशाला येईल तो?"

"तो फिर क्या लिखते तुम?"

"झाडांना बोलू द्या की."

"हौ! झाड बोलता क्या?"

"लिहिलं तर बोलतं," मी म्हणालो. वय असं होतं की अशी वाक्यं तोंडातून सहज निघायची.

निघालं खरं, पण जमतंय कुठं! गोरखचिंचेच्या पाटीवर मी सात ओळी ठोकल्या. झाड कुठून आलं, कुणी आणलं, किती जुनं, फळ कशाला चालतं. अक्षर असं की बघत राहावं. मग मेंदीच्या कुंपणाआड उभा राहून कोण वाचतंय ते बघू लागलो. एक पागोटेवाला आला, दीड ओळ वाचली, जांभई दिली, पाटीलाच पाठ टेकून बसला आणि तंबाखू मळू लागला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. पण तीन-चार दिवस तिथं उभा राहिल्यावर मला एक कळलं. आमच्याकडं वाचणारा एक असतो आणि ऐकणारे पाच. तो एक मोठ्यानं वाचतो, तेही अडखळत, कारण त्याला मोडीची सवय आणि पाटी बाळबोधीत. म्हणजे पाटी डोळ्यांसाठी लिहून भागत नाही, कानांसाठी लिहावी लागते.

तेव्हापासून मी प्रत्येक ओळ आधी सरूला वाचून दाखवायला लागलो. तिला अक्षरओळख नव्हती. ती जोंधळे पाखडत बसायची, मी वाचायचो. "हे काय वो, सरकारी कागद वाचल्यावानी!" असं म्हणून तिचं सूप चालूच राहिलं तर ओळ बाद. सूप थांबलं तर ओळ पास. गोरखचिंचेपाशी सूप थांबलं ते या ओळीला: 'मला कवेत घ्यायला किती माणसं लागतात? हात धरून बघा.' दुसऱ्या दिवशी दिंद्रुडहून बाजाराला आलेले पाच बाप्ये एकमेकांचे हात धरून झाडाला गाल लावून उभे होते आणि सहावा कमी पडतो म्हणून मला हाका मारत होते. सीताफळापाशी लिहिलं: 'माझे डोळे उघडले की मी पिकलो. तोवर मला झोपू द्या.' कच्ची फळं तोडणं थांबलं. बारवेवर लिहिलं: 'उतरताना पायऱ्या मोजा. चढताना परत मोजा.' आकडा कधीच जुळायचा नाही आणि लोक वर येऊन भांडत बसायचे. गनीमियाँ हसून हसून खोकायला लागायचे. 'नये' हा शब्द मी बारा पाट्यांतून हद्दपार केला, आणि खरं सांगतो, मी त्या दिवसांत जमिनीपासून वीतभर वरून चालत होतो.

राहिली कमान. बागेच्या पार टोकाला, भिंतीलगत. तिला आग्या मोहोळाची तीन पोळी लटकलेली होती, परातीएवढी. ज्याला आग्या माहीत नाही त्याला सांगतो, ही घरात गुणगुणणारी माशी नव्हे. चिडली तर बैलाला लोळवते. धुराचं तिला वावडं. मध सरकारचा, त्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, होळीनंतर, म्हणून गनीमियाँची पोळ्यांना हात लावायची छाती नव्हती. तेव्हा पाटी हवी. मी ओळ लिहिली: 'वर आम्ही निजलोय. इथं धूर करू नका, गलका करू नका.' सूप थांबलं. पण सरूनंच विचारलं, "मंगळवारी कोण वाचायचं वो हे?"

मंगळवार हा बायकांचा दिवस होता. त्या दिवशी बागेत पुरुषाला बंदी. गनीमियाँ स्वतः दारात स्टूल टाकून, बागेकडं पाठ करून बसायचे. आत गोषातल्या बायका असत, कुणब्यांच्या असत, ब्राह्मणांच्या असत, झोपाळे बांधत, पदर खांद्यावर टाकून हिंडत. त्यांच्यात वाचता येणारी एकही नाही. मोठाच पेच होता. मग मला सुचलं, चित्र काढावं! अक्षर न येणाऱ्यालाही लांबून कळलं पाहिजे की इथं माशी आहे, सांभाळा. लाकडी पाट्यांना वाळवी लागत होती म्हणून कमरेएवढी एक शिळा उभी केली. गनीमियाँच्या कोठीत शेंदूर पडून होता, तेलात कालवून शिळेला फासला, कारण तो रंग लांबून दिसतो. त्यावर काजळीनं माशी. दोन्हीकडं दोन-दोन पंख पसरलेले. आणि डोळे मोठे, पांढरेशुभ्र, कुठूनही बघा, आपल्याकडंच बघतायत असे. घरी जमिनीवर कोळशानं आधी काढून बघितलं तेव्हा सरू दचकून मागं सरली. "अगं बया! ही बघती की माझ्याकडं!" मला असा आनंद झाला. पाटी लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

शेंदूर लावलेली शिळा. तिला मोठाले डोळे. चार हात पसरलेले. आणि वर कमान. आता तुम्हीच सांगा. लिंबागणेशाच्या वाटेवर असे किती दगड मी स्वतः हात जोडून ओलांडले होते! आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही, येऊ नये का? गनीमियाँच्या आलं नाही ते ठीक, त्यांना त्यातलं काय ठाऊक. मी याच मातीतला. पण मला पहिल्या रेघेपासून ती माशीच दिसत होती. आपण काय लिहिलंय हे ज्याला माहीत असतं, त्यालाच ते कसं दिसतंय हे दिसत नाही. चाळीस वर्षं झाली, हे वाक्य मी मनाशी घोळवतोय, आणि त्यानं काडीचंही समाधान होत नाही.

माघातल्या पहिल्या मंगळवारनंतर बुधवारी गेलो तर माशीच्या दोन डोळ्यांमध्ये कुंकू. मी हसलो. हो, हसलो! धुऊन टाकलं. पुढच्या बुधवारी हळद, बांगड्या, खण, नारळाची कवड. आता हसू आलं नाही. सरूला म्हटलं, बायकांना सांग. ती मथुराकाकूंना सांगून आली. या आमच्या शेजारीण, साठीच्या, सगळ्या आळीचं त्यांच्यावाचून पान हलत नसे. काकू म्हणाल्या, "पोरी, तुझ्या नवऱ्याच्या सपनात आली आसंल ती. हातून काढून घेतली. त्याला बापड्याला काय ठावं?"

गनीमियाँकडं गेलो. "ही शिळा हलवू या." ते घाबरले. "मुआयने तक कुछ नक्को हिलाओ, मास्टर. कागदपर बारा तख्त्या लिख को भेज दिया मैं." म्हटलं, मग खरवडून टाकतो. सोमवारी खुरपं घेऊन गेलोही. शिळेपुढं उभा राहिलो. आणि, आता लपवून काय करू, मला ती खरवडवेना. बाराही पाट्यांत ती देखणी होती. साहेब येणार, बघणार, कुणी काढली म्हणून विचारणार. आणखी महिन्याभराचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावलं आणि खुरपं तसंच घरी आणलं. माझ्या हातून घडलेलं पाप कोणतं विचाराल तर चित्र काढलं हे नव्हे. सोमवारी खुरपं परत आणलं, हे.

त्या रात्री कळलं की उद्या बायका कमानीखाली ऊद घालणार आहेत. काकूंनी नवस बोलला होता. सरूला पाचवा महिना होता. सकाळी ती पदर खोचून निघाली. मी आडवा झालो.

"तू जायचं नाहीस."

"मग कोण जाणार? तुमाला तर आत जाता येत न्हाई."

"अगं, दिवस गेलेत तुला!"

"म्हणून काय तोंड गेलं का माझं? सांगते आन् येते. धूर करू देत न्हाई."

मी तिच्यामागून बागेच्या दारापर्यंत गेलो. ती आत गेली. मी गनीमियाँच्या स्टुलापाशी उभा राहिलो. ऊन चढलं. आतून झोपाळ्यांची करकर येत होती, हसणं येत होतं. गनीमियाँ मला मदरशाच्या सुट्ट्यांबद्दल काहीतरी विचारत होते आणि मी 'हूं हूं' करत कुंपणाच्या वर बघत होतो. आभाळ स्वच्छ होतं. मला वाटलं, सांगितलं तिनं. ऐकलं बायकांनी. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात पार टोकाला कमानीच्या अंगाला एक बारीक रेघ वर चढताना दिसली.

"गनीमियाँ, धूर!"

ते उठले, पण दारातून हलले नाहीत. "अंदर जनाना है, मास्टर. अंदर गए तो मेरी भी गर्दन, तुम्हारी भी."

"अहो, माझी बायको आहे तिथं!"

"सबकी है, मास्टर. सबकी है," ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांचीही लेक आत होती, हे मला नंतर कळलं. किती वेळ आम्ही तसे उभे होतो? एक पान खाऊन होईल इतकाही नसेल. पण त्या वेळात मी नोकरीचा विचार केला. अब्रूचा केला. हे लिहिताना लाज वाटते, पण केला. मग आवाज आला. दळणाची दहा जाती एकदम फिरावीत तशी घरघर. आणि तिच्यावर बायकांच्या किंकाळ्या.

गनीमियाँनी अंगावरची घोंगडी माझ्या डोक्यावर टाकली आणि स्वतः उघडेच धावले. धावता धावताही ओरडत होते, "मास्टर, नजर नीचे! नजर नीचे!" बायका तोंडावर लुगडं घेऊन सैरावैरा पळत होत्या, काही बारवेत उतरल्या होत्या. मी नजर खाली ठेवूनच धावलो, म्हणून मला आधी काकूंचे पाय दिसले. त्या शिळेपुढं पालथ्या पडल्या होत्या. त्यांच्या पाठीवर काळं कांबळं आहे असं मला वाटलं. ते कांबळं हलत होतं. त्यांच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन, सरू होती.

काकू दुसऱ्या दिवशी गेल्या. सरूचे डोळे चार दिवस उघडले नाहीत, तोंड सुजून ओळखू येईना. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "हाललं वो पोटात." तेव्हा मी ओसरीवर येऊन पोरासारखा रडलो. गनीमियाँ दोन आठवडे खाटेवर होते, पण वाचले. त्यांची लेकही वाचली. आणि मोहोळं? जागच्या जागी परत येऊन लटकली.

वाटलं, संपलं. छे! गावात बोलणं सुरू झालं की देवी कोपली. शांत करायला हवी. होम करायचा, कमानीखालीच, साऱ्या गावानं पोराबाळांसकट बसायचं, मणभर लाकडं, तूप, धूप. चिमूटभर उदानं एक जीव घेतला होता. मी गनीमियाँच्या खाटेपाशी गेलो, त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, मजहबाच्या मामल्यात दखल देऊ नका. लाकडं येऊन पडायला लागली. बैलगाडीतून उतरवताना त्यांचा आवाज घरात ऐकू यायचा आणि सरू भिंतीकडं तोंड करायची.

काकूंच्या तेराव्याला आळी जमली होती. होमाचा दिवस तिथंच ठरायचा होता. पुरुष अंगणात, बायका माजघरात. मी ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ती देवी नाही. ती माशी आहे. मी काढली, पाटी म्हणून, या या हातानं. शेंदूर दारोग्याच्या कोठीतला. चूक माझी. मला काय करायचं ते करा, पण तिथं विस्तव नेऊ नका.

काकूंचा लेक किसन उठला. नुकतं डोकं भादरलेला, माझ्याच वयाचा. तो ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, "म्हंजी माझी आई माशीच्या चित्रापुढं मेली, आसं म्हणता का गुरुजी?"

म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. एक जण म्हणाला, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, बायकोचं तसं झालं ना. दुसरा म्हणाला, शुक्रवारचा होम धरा. मला कळून चुकलं की मी खरं बोललो, आणि शुक्रवारी त्या कमानीखाली आता गावातली झाडून सारी पोरं बसणार आहेत.

तेव्हा माजघराच्या दारातून सरू बोलली. चार बाप्यांच्या पुढं ती तोवर कधी बोलली नव्हती.

"त्यांचं ऐकू नका. ते भाईर व्हते. आत मी व्हते." तिनं चौकट धरली होती. "काकू माझ्या अंगावर व्हत्या. माझ्या कानाला तोंड लावून बोलल्या. म्हणाल्या, सरे, तिला धूर चालत न्हाई गं. कुंकू चालतंय, खण चालतोय. धूर न्हाई. समद्यायला सांग, म्हणाल्या."

बायकांतून एक हुंदका आला, मग दुसरा. किसन मटकन खाली बसला आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा रडला. बराच वेळ रडला. मग तोंड पुसून त्यानं माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, तुमी माशी म्हणता. वहिनी आसं म्हणत्यात. खरं काय?"

सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं. सरूचा एक डोळा अजून अर्धा मिटलेला होता. दुसरा माझ्यावर होता. पोरांना खरं बोला म्हणून शिकवायचा मी पगार घेत होतो.

"ती आत होती, किसन," मी म्हणालो. "ती सांगती तेच खरं."

होम राहिला. लाकडं ज्याची त्यानं परत नेली. त्या सालापासून आजतागायत कमानीखाली कुणी उदबत्तीसुद्धा लावलेली नाही, मोहोळं दर सुगीला लटकतात आणि खाली बायका खण ठेवून गुपचूप परत जातात.

घरी येताना आळीच्या कोपऱ्यावर मी थांबलो. सरू मागून हळूहळू येत होती. मी विचारलं, "काकू खरंच बोलल्या का गं तसं?"

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. "कशा बोलतील वो?" ती म्हणाली. "तोंडात माशा व्हत्या त्यांच्या."